आधी महिना विचारा, मग औषध: हिरवळीच्या आणि झाडांच्या हंगामी दुखण्यांची ओळख

तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला पानाचा नुसता फोटो दाखवून "याला काय मारू?" असं विचारलंत, तर तो औषधाचं नाव सांगणार नाही. उलट तोच विचारेल: छाटणी कधी झाली? परवाचा पाऊस तुमच्याकडे पडला का? सकाळी पानं किती वेळ ओली राहतात? डाग पानाच्या वरून आहे की खालून? कारण त्याला पक्कं ठाऊक असतं, की द्राक्षाच्या दोन बुरशीरोगांपैकी डावणीला ओलं पान लागतं आणि भुरीला ओल्या पानाची गरज नसते. डावणीचं औषध भुरीवर मारलं तर पैसा गेला, दिवस गेले आणि रोग जागेवरच.

हाच माणूस संध्याकाळी सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या बंगल्यात येतो आणि लॉनवर पिवळा ठिपका दिसला, की माळ्याला सांगतो, "काहीतरी मारून टाक." साताऱ्यात शाहूपुरी-गोडोलीच्या सोसायट्यांमध्ये वेगळं चित्र नाही. दुकानातून एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि वर एक टॉनिक येतं, तिन्ही एकाच पंपात जातात. कशानं बरं वाटलं हे कळत नाही, आणि बरं नाही वाटलं तर का नाही, तेही नाही.

द्राक्षबागेतली शिस्त अंगणात आणायची, एवढंच या लेखाचं काम आहे. रोगाचं शास्त्रीय नाव माहीत नसलं तरी चालतं. तीन प्रश्न मात्र चुकवायचे नाहीत: हे कधी सुरू झालं, नुकसानीचा आकार कसा आहे, आणि शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडालाही तेच झालंय का?

आकार खूप काही सांगतो

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण निम्मी दुखणी तिथंच निकालात निघतात. कीड आणि बुरशी बहुधा निवडक असतात. चाफ्यावरचा तांबेरा, म्हणजे नारिंगी भुकटीची बुरशी, शेजारच्या जास्वंदीवर जात नाही, पांगाऱ्याची गाठमाशी आंब्याला हात लावत नाही. तेव्हा एकाच कोपऱ्यातली जास्वंद, कडुनिंब, हिरवळ आणि कुंपणाची मेंदी अशी चार वेगळी झाडं एकदम वाळत असतील, तर कीड शोधत बसू नका. तिथं पाणी तुंबलंय, टाकीचं ब्लिचिंगचं पाणी सोडलंय, तणनाशकाचा फवारा उडालाय किंवा खाली बांधकामाचा राडारोडा पुरलाय.

सरळ रेषा निसर्गात क्वचितच दिसते. लॉनवर पट्ट्यापट्ट्यांनी पिवळेपणा असेल तर युरिया हातानं फेकताना कुठं जास्त, कुठं कमी पडला. कडेनं फूटभर पट्टा जळाला असेल तर तापलेल्या पेव्हर ब्लॉकची धग. सगळ्याच पात्यांची टोकं पांढरी आणि चिरफाळलेली दिसली तर मशीनचं पातं बोथट आहे. गवत कापलं गेलं नाही, ओरबाडलं गेलं. मधे मेलेला गोल ठिपका आणि भोवती गडद हिरवं, जोमदार कडं, हे कुत्र्याच्या मुताचं काम. मध्यभागी नत्र इतकं साचतं की गवत जळतं, कडेला तेच नत्र पातळ होऊन खत ठरतं. अशा ठिपक्यावर बुरशीनाशक मारणारे लोक आहेत. दोन बादल्या पाणी ओतलं तरी भागतं.

सांगलीकरांसाठी आणखी एक निर्जीव कारण महत्त्वाचं आहे: पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली, आणि २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा शहरात शिरलं. झाडाच्या मुळांना श्वासासाठी हवा लागते. मातीच्या पोकळ्या कित्येक दिवस पाण्यानं भरून राहिल्या, वर गाळाचा थर बसला, की मुळं गुदमरून कुजतात. पाणी ओसरल्यावर झाड हिरवंच दिसतं. पानं पिवळी पडायला, शेंडे वाळायला पुढं कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर लोक पूर विसरून किडीमागे लागलेले असतात. अशा झाडाला फवारणीचा काडीचा उपयोग नाही. बुंध्याभोवतीचा गाळ काढायचा, माती हलकी करायची, पाण्याला वाट द्यायची आणि थांबायचं.

काही गोष्टी तर दुखणंच नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ पानं टाकतात, सागाची त्याआधीच गळू लागतात. हरळी उष्ण हवामानातलं गवत आहे. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याच्या थंडीत ती पिवळट पडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा हिरवी होते. सावलीत ती कायमच विरळ राहते. गुलमोहराखाली दाट लॉन हवंच असा हट्ट धरणाऱ्यांना कुठल्याही औषधाचा उपयोग होणार नाही.

वळिवाचे भुंगेरे आणि गणपतीतलं पिवळं लॉन

आता 'कधी' या प्रश्नाकडे. आपल्याकडे किडींचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते वळिवानं सुरू होतं. मेच्या अखेरीस किंवा मृगाच्या आधी एखादा दणदणीत पाऊस पडतो, माती ओली होते, आणि दोन-चार दिवसांत संध्याकाळी दिवे लागणीच्या सुमारास तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर ते जमतात, पाला खातात, तिथंच मीलन करतात आणि पहाट व्हायच्या आत पुन्हा जमिनीत शिरतात. ही हुमणी. उसावरची हुमणी म्हणून इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ती माहीत असते, पण बंगल्याच्या हिरवळीखाली तीच असते हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मुख्यतः दोन हुमण्या भेटतात. माळरानाच्या हलक्या जमिनीत होलोट्रिकिया सेराटा, आणि कृष्णा-वारणेच्या काठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. दिसायला अळी सारखीच: पांढरी, मऊ, डोकं तपकिरी, हातात घेतली की अर्धवर्तुळ करून पडून राहते.

तिचं वेळापत्रक ध्यानात घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. जूनमध्ये मादी मातीत अंडी घालते. लहान अळी आधी कुजलेला पाला आणि बारीक मुळं खाते, तेव्हा वर काहीच दिसत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ती मोठी होते आणि अधाशासारखी मुळं तोडते. म्हणून लॉन पिवळं पडतं ते गणपती-नवरात्राच्या दरम्यान. पाऊस चांगला झालेला असतो, पाणी कमी नसतं, तरी गवत तहानलेलं दिसतं, कारण पाणी ओढायला मुळंच उरलेली नसतात. माळी पाणी वाढवतो आणि लॉन आणखी सुकतं.

ओळखायची रीत सोपी आहे. पिवळ्या भागातलं गवत दोन्ही हातांनी ओढा. हुमणी असेल तर गोधडी गुंडाळावी तशी हिरवळ उचलून येते आणि खाली अळ्या दिसतात. उचलली गेली नाही, तर पिवळ्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवर फूटभर लांब-रुंद, चार बोटं खोल चौकोन खणून बघा. अगदी मेलेल्या मधल्या भागात खणू नका. तिथलं खाऊन संपल्यामुळे अळ्या पुढं सरकलेल्या असतात. साळुंक्या, कावळे, बगळे एकाच जागी रोज चोची मारत असतील, रात्री डुकरं लॉन उकरत असतील, तर त्यांनी तुमच्याआधी निदान केलेलं आहे.

इथं एक घोटाळा हमखास होतो. शेणखताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या सापडतात आणि लोक घाबरतात. त्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या असतात. कुजलेलं खाणाऱ्या त्या अळ्या गवताच्या मुळांना काही करत नाहीत, पण त्यांचे भुंगे पुढं नारळावर जातात, म्हणून खड्डा उलथून त्या वेचाव्यातच.

हुमणीचा बंदोबस्त लॉन पिवळं पडल्यावर करायला गेलं तर उशीर झालेला असतो. खरी वेळ वळीव पडल्यानंतरच्या संध्याकाळी. कडुनिंबाच्या, बोरीच्या फांद्या काठीनं हलवायच्या, खाली चादर पसरायची, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. गल्लीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात केलं तर फरक पडतो, एकट्यानं केलं तर कमी पडतो. सोबत मेटारायझियम ही हुमणीला रोग लावणारी बुरशी शेणखतात मिसळून पावसाच्या सुरुवातीला, माती ओली असताना द्यावी. तापलेल्या कोरड्या मातीत ती टिकत नाही. थायमेट मात्र मागू नका. त्यातलं फोरेट हे कीटकनाशक डिसेंबर २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे, आणि एखाद्या दुकानात जुना डबा निघालाच तर तो मुलं खेळतात त्या हिरवळीवर टाकायची वस्तू नव्हे.

पावसाळ्यात लॉन पिवळं न पडता एका बाजूनं चरत चरत फस्त होत असेल, मुळं मात्र घट्ट असतील, तर लष्करी अळीचा संशय घ्या. ती दिवसा गवताच्या बुडाशी लपते आणि रात्री खाते. चार-पाच लिटर पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण दोन मोठे चमचे मिसळून हातभर जागेवर ओता आणि दहा मिनिटं बघत बसा. अळ्या असतील तर तगमगून वर येतात. हुमणीवर ही युक्ती चालत नाही, ती खोल असते.

दव असताना लॉनवर फिरा

लॉनचे बुरशीजन्य रोग ओळखायचे तर सकाळी लवकर उठण्याला पर्याय नाही. ऊन चढलं की पुरावा वाळून जातो. दव असताना डागाच्या कडेवर पांढऱ्या तंतूंचं विरळ जाळं दिसतं. कोळ्याचं जाळं सपाट, पात्यांवरून पसरलेलं असतं. बुरशीचे तंतू पात्यांनाच लगडलेले असतात.

डॉलर स्पॉट आणि ब्राऊन पॅच यांतला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. डॉलर स्पॉटचे ठिपके लहान, मोठ्या नाण्याच्या मापाचे, वाळक्या गवताच्या रंगाचे. एक पातं तोडून बघितलं तर त्यावर पांढुरका आडवा डाग आणि त्याला लालसर तपकिरी किनार दिसते. हा रोग उपाशी लॉनवर येतो: नत्र कमी, दिवसा ऊब, रात्री गारवा आणि भरपूर दव. म्हणजे आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर. ब्राऊन पॅच याच्या अगदी उलट. तो खाऊन माजलेल्या लॉनवर येतो. उकाडा, दमट हवा, नुकताच भरपूर युरिया दिलेला, आणि हातभर किंवा त्याहून मोठे वेडेवाकडे गोल. कडेची पाती ओढली की बुडाशी कुजून सहज हातात येतात. पहिल्याला थोडं नत्र दिलं की तो बराचसा मागं हटतो, दुसऱ्याला नत्र दिलं की भडकतो. दोघांनाही माळी "करपा" म्हणतो आणि दोघांवर युरिया फेकतो.

तिसरा पिथियम. आषाढात निचरा नसलेल्या चिकण जागेत गवत तेलकट, काळपट होऊन एकमेकांना चिकटतं आणि एक-दोन दिवसांत बसतं. पाणी जिकडे वाहतं त्या वाटेनं तो पसरतो, मशीनच्या चाकांनीही पसरतो. ओल्या लॉनवर मशीन फिरवू नये ते यासाठीच. थंडीत सावलीतल्या कोरियन गवतावर तांबेरा येतो; त्यावरून चाललात की चपलेला नारिंगी भुकटी लागते, यापेक्षा सोपी ओळख दुसरी नाही.

या सगळ्यांची मेख एकच: पातं किती तास ओलं राहतं. पाणी संध्याकाळी दिलं तर पातं रात्रभर ओलं, पहाटे दिलं तर नऊ-दहापर्यंत कोरडं. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापा. या दोन सवयी लागल्या की बुरशीनाशकाची गरज फार कमी उरते.

श्रावणात लॉनवर अचानक राखाडी किंवा पिवळा चिकट थर उगवतो आणि लोक हादरतात. तो श्लेष्मकवक. गवत खात नाही, फक्त त्यावर चढून बसतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं निघून जातो. पैसा-वाणींच्या झुंडी, गांडुळांनी वर टाकलेली मातीची ढेकळं यांनाही काही करायचं कारण नाही. शंखी गोगलगायीला मात्र सोडू नका. रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या, हातमोजे घालून, कारण त्यांच्यात माणसाला अपाय करणारे सूक्ष्म जंत असू शकतात. मिठानं मारायला गेलात तर गोगलगायीबरोबर लॉनही जळेल.

भयानक दिसणारं आणि निरुपद्रवी

झाडांच्या बाबतीत माझं एक ठाम मत आहे. जे सगळ्यांत विद्रूप दिसतं ते बहुधा झाडाला मारत नाही, आणि जे मारतं ते बरीच वर्षं दिसत नाही.

सप्तपर्णीची पानं बघा. रस्त्याकडेच्या झाडांवर हिरव्या फोडांनी भरलेली पानं सर्रास आढळतात. फोड आडवा कापला तर आत एक बारीकसा किडा बसलेला दिसतो. त्याच्या पिल्लानं रस शोषताना पानाच्या पेशी फुगवल्या आणि स्वतःचं घर करून घेतलं. करंजाच्या पानांवर बोटांसारख्या गाठी येतात, त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी या रस शोषणाऱ्या किडीच्या. दोन्ही झाडं दरवर्षी हे सोसतात आणि वाढतात. एकदा गाठ झाली की आतल्या जिवापर्यंत वरचा फवारा पोचतही नाही. याला अपवाद पांगारा: त्याच्यावरची गाठमाशी २००५ च्या सुमारास भारतात आली, आणि तिनं पानांचे देठ, कोवळे शेंडे असे काही सुजवले की झाडं खुरटली. पांगाऱ्याचे सुजलेले शेंडे कापून जाळावेत.

कुंपणाला लावलेल्या फायकसची पानं मधोमध दुमडून, जांभळट ठिपके पडून बंद झालेली दिसतात. एखादं उघडा, आत काळे, सुईच्या टोकाएवढे फुलकिडे पळताना दिसतील. शेंडे छाटून पिशवीत बंद करून टाकले की पुष्कळ झालं. बहाव्यावर पावसाळ्यात पिवळट हिरव्या अळ्या पडून पानं संपतात, तेव्हा फवारणीची घाई करू नका. पंधरा दिवसांत त्याच अळ्यांची फिकट पिवळी फुलपाखरं होतात आणि झाड पुन्हा फुटतं. कण्हेरी-तगरीवरची बोटाएवढी हिरवी अळी, पुढच्या बाजूला निळे डोळे काढलेली, ही एका देखण्या पतंगाची. नको असेल तर चिमट्यानं उचला. बोगनवेल किंवा गुलाबाच्या पानाच्या कडेला कुणी कंपासनं कापावा तसा गोल तुकडा गायब असेल, तर ते पान कापणाऱ्या मधमाशीचं काम. ती तो तुकडा घरट्याला नेते. तिला मारणं म्हणजे परागीभवन करणारा गडी घालवणं.

साग ऑगस्ट-सप्टेंबरात जाळीदार होतो. पावसाळ्याच्या सुरुवातीची अळी अख्खं पान खाते, फक्त जाड शिरा ठेवते. नंतरची अळी शिरांमधला हिरवा भाग तेवढा खरवडते. कोयनेकडे जाताना डोंगर तपकिरी दिसतात ते यामुळे. उभ्या मोठ्या सागाला यानं मरण येत नाही, वाढ मात्र खुंटते. देवचाफ्याच्या पानांच्या मागं पावसाळ्यात नारिंगी भुकटी येते, तोही तांबेराच. पानं थंडीत तशीही गळणारच असतात. पडलेली पानं गोळा करून बाहेर काढा, झाडाखाली कुजू देऊ नका.

कडुनिंबाकडे मात्र थोडं थांबून बघायला हवं. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेंडे भाजल्यासारखे तपकिरी होतात आणि "निंबच वाळला" अशी हाकाटी होते. २०२१ मध्ये तेलंगणात हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. यामागं दोघे असू शकतात. एक फोमोप्सिस नावाची बुरशी, जी पावसात कोवळ्या डहाळ्यांवर येते आणि शेंड्याकडून खाली वाळवत आणते. दुसरा ढेकण्या, कोकणातल्या काजूवाल्यांच्या ओळखीचा; तो कोवळ्या डहाळीत सोंड खुपसून रस घेतो, तिथं काळा लांबट चट्टा पडतो, आणि त्या जखमेतून बुरशीला आयती वाट मिळते. मोठ्या झाडाचे नुसते शेंडे गेले असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या पालवीपर्यंत धीर धरा. बहुतेक निंब फुटतात. रोप किंवा दोन-तीन वर्षांचं झाड असेल तर वाळलेला भाग खाली चार बोटं हिरव्यासकट कापायचा, कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायची आणि कापलेलं जाळायचं.

चिकट गाडी आणि काळी पानं

उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाखाली लावलेल्या गाडीची काच चिकट होते. लोक पक्ष्यांना दोष देतात, पण वर रस शोषणारी कीड आहे. ती जास्तीची साखर पाझरून टाकते, त्या साखरेवर काळी बुरशी वाढते, आणि मुंग्या खोडावरून रांग लावतात. ओल्या बोटानं काळं पान पुसून बघा. काजळी निघून खाली हिरवं दिसलं तर बुरशीनाशक नको, वरच्या किडीचा बंदोबस्त हवा. आंब्यावर तुडतुडे, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, नारळावर पानाच्या खाली गोल गोल नक्षीत अंडी घालणारी रुगोज पांढरी माशी. ही माशी भारतात २०१६ मध्ये तामिळनाडूत पहिल्यांदा दिसली. तिच्या पिल्लांवर जगणारी एक बारीक गांधीलमाशी असते. कडक कीटकनाशक मारलं की आधी ती मरते आणि पांढरी माशी दुप्पट जोमानं परत येते. नारळावर पाण्याचा जोरदार फवारा, फार तर निंबोळी तेल.

पिठ्या ढेकूण हलक्यात घेऊ नका. मुंबईत रस्त्याकडेचे कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणानं खंगून वाळले. वेगळं काढायला शिका मात्र: पिठ्या ढेकणांच्या गर्दीत पांढऱ्या मेणाच्या झुलपांची, आकारानं मोठी आणि भरभर पळणारी अळी दिसली तर ती शत्रू नव्हे. ती ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आहे.

खरे मारेकरी बुंध्याशी असतात

म्हणून वर बघून झाल्यावर खाली बघा. गुलमोहर, काशीद, शिरीष यांच्या बुंध्यालगत पावसाळ्यात वरून तांबूस तपकिरी, खालून पांढरं, लाकडासारखं कडक भूछत्र निघतं. ते गॅनोडर्मा. बाहेर छत्र दिसेपर्यंत आतलं लाकूड बरंचसं कुजलेलं असतं. वरचा पाला हिरवागार असतो आणि वळिवाच्या वाऱ्यात झाड गाडीवर पडतं. छत्र तोडून फेकल्यानं रोग जात नाही. जाणकाराला बोलावून झाड किती पोकळ आहे हे तपासून घ्यावं, आणि तोडायची वेळ आलीच तर नगरपालिकेची किंवा महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा खासगी अंगणातल्या झाडालाही लागू आहे. गॅनोडर्माला शिरायला जागा बहुधा आपणच करून देतो: पेव्हर बसवताना तोडलेली मुळं, बुंध्याला गवत कापायच्या मशीननं पडलेल्या जखमा, खोडाला चिकटून ओतलेलं काँक्रीट.

खोडावर लाकडाच्या भुशाची आणि विष्ठेची जाळीदार पट्टी दिसली तर साल खाणारी अळी. फांदीच्या बेचक्यात तिचं भोक असतं. जाळी झाडायची, भोकात तार घालायची, रॉकेलचा बोळा कोंबून चिखलानं लिंपायचं. आंब्याच्या बुंध्याशी नुसता भुसा गळत असेल तर भिरूड, तो जास्त खोल जातो. नारळाच्या पानांवर कात्रीनं कापावेत तसे त्रिकोणी काप म्हणजे गेंड्या भुंगा. त्यानं सहसा झाड मरत नाही. खोडातून तपकिरी द्रव आणि चघळलेला चोथा बाहेर येणं म्हणजे लाल सोंड्या. त्याला उशीर केला तर शेंडा मोडतो, आणि नारळाला दुसरा शेंडा नसतो. मोठ्या झाडाच्या सालीवर वाळवीची मातीची वाट दिसली तर नखानं साल खरवडा. खाली हिरवं, ओलं असेल तर वाळवी फक्त मेलेली साल खातेय. नव्यानं लावलेल्या रोपाला मात्र ती मुळापासून संपवते.

फवारण्याआधी

उंच झाडावर खालून वर फवारू नका, ते सगळं तुमच्याच तोंडावर येतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीवर फवारताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले. मोहरावर आणि फुलांवर, मधमाश्या फिरत असताना तर नकोच.

ओळख पटत नसेल तर नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयात जा. सातारा-सांगली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. नमुना म्हणजे खडखडीत वाळलेलं एक पान नव्हे. त्यात रोग नसतो, नंतर वाढलेली कुजणारी बुरशी तेवढी सापडते. निम्मी आजारी आणि निम्मी निरोगी अशी डहाळी, किंवा लॉनचा असेल तर डागाच्या कडेवरचा मुळांसकट वितभर चौकोन घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम येऊन सडेल, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळा. त्याच कागदावर लिहा: पहिल्यांदा कधी दिसलं, त्याआधी पाऊस कधी झाला, खत कुठलं आणि कधी दिलं, काय काय फवारलं. सगळ्यात शेवटचा रकाना लपवू नका, तपासणाऱ्याला तोच आधी हवा असतो.